नॉर्मल की सिझर? : एका निर्णयाचा इतिहास

नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीकडे निघाले की सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर भिवापूर लागते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या लाल मिरचीचे हे गाव. आज इथे कोणाच्या घरी बाळ जन्मल्याचा फोन आला की पलीकडून दोन प्रश्न येतात. मुलगा की मुलगी? आणि लगेच, नॉर्मल की सिझर?

यांतला दुसरा प्रश्न वयाने अगदी लहान आहे. पणजीच्या काळात त्याच्या जागी वेगळेच वाक्य होते : मोकळी झाली का?

या दोन प्रश्नांच्या मध्ये जे घडले, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

सुरुवात भाषेपासून करू. मराठीत बाळंतपणाचे जुने शब्द सगळे सुटकेचे आहेत. बाई अडते, मोकळी होते, तिची सुटका होते. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे अजूनही सहज म्हटले जाते. पण जुन्या काळी त्यात अलंकार फारसा नव्हता. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीच्या भुताला 'अळवंत' असा स्वतंत्र शब्द होता. एका विशिष्ट मरणासाठी लोकांना भुताची वेगळी जात कल्पावी लागली, इतके ते मरण ओळखीचे होते.

पायाकडून जन्मलेले मूल 'पायाळू'. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, वीज पायाळूवर आधी पडते, त्याच्या डोळ्यांत काजळ घातले की गुप्तधन दिसते, अशा कितीतरी समजुती महाराष्ट्रभर होत्या. उलट्या बाजूने येऊन आईसह जगलेले मूल सुइणीच्या अनुभवात विरळ असणार. त्या विरळपणातूनच त्याच्याभोवती अद्भुताचे वलय निर्माण झाले असावे.

मग पोट चिरून मूल काढण्याची कल्पना आपल्याकडे नव्हती का? होती, आणि फार जुनी होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील आठवा अध्याय 'मूढगर्भा'चा, म्हणजे अडलेल्या गर्भाचा आहे. आई अकस्मात मरण पावली आणि तिच्या कुशीत हालचाल दिसत असेल, तर वैद्याने तत्काळ पोट चिरून मूल बाहेर काढावे, असे तो अध्याय सांगतो. बौधायन पितृमेधसूत्रातही गर्भिणी मेली तर दहनापूर्वी गर्भ वेगळा करण्याचा विधी आहे. मूल जिवंत निघाले तर त्याला गावात आणायचे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात अशा विधींचा परामर्श घेतला आहे.

बिंदुसाराची कथा सर्वांना माहीत असते. चंद्रगुप्तासाठीचे विषारी अन्न राणी दुर्धरेने खाल्ले, चाणक्याने तिचे पोट चिरवून मूल वाचवले आणि विषाचा थेंब मुलाच्या कपाळाला लागला म्हणून तो बिंदुसार. ही कथा हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितली, म्हणजे बिंदुसारानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी. इतिहास म्हणून ती घेता येत नाही. मध्ययुगीन वाचकाला पोट चिरून झालेला जन्म कल्पनेच्या आवाक्यातला वाटत होता, एवढे मात्र ती सांगते.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. ज्यूलियस सीझर असा जन्मला म्हणून 'सिझेरियन', ही व्युत्पत्ती टिकत नाही. त्याची आई ऑरेलिया मुलगा सेनापती होईपर्यंत जिवंत होती, ती इ.स.पू. ५४ मध्ये वारली. त्या काळात पोट चिरलेली स्त्री जगण्याची शक्यता नव्हती. नावाचे मूळ लॅटिनमधील 'कापणे' या धातूत किंवा रोमच्या एका प्राचीन कायद्यात शोधले जाते. गर्भिणी मेली तर गर्भ काढल्यावाचून तिला पुरू नये, असा तो कायदा होता.

सुश्रुत, बौधायन, हेमचंद्र, रोम. चारही ठिकाणी आई मेलेली आहे किंवा मरणार आहे. तिला काय हवे, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

आई जिवंत असताना काय करावे, याबद्दल सुश्रुत चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात बोलतो. मूल आत मेलेले असेल तर शस्त्राने तुकडे करून काढावे. जिवंत असेल तर शस्त्र लावू नये, कारण त्यात मूलही जाते आणि आईही. या कर्माइतके अवघड कर्म नाही, सगळे काम आत न पाहता केवळ हाताच्या स्पर्शाने करायचे असते, असे तो कबूल करतो. आणि म्हणून वैद्याला बजावतो की आधी 'अधिपती'ची अनुज्ञा घ्यावी, मग सर्व प्रयत्न पणाला लावून सुरुवात करावी.

अधिपती म्हणजे राजा की घरचा धनी, यावर वाद घालता येईल. ती बाई स्वतः नाही, यावर वाद नाही. शस्त्रक्रियेपूर्वी परवानगी घ्यावी हा विचार इतक्या जुन्या ग्रंथात असणे विलक्षण आहे, आणि ती परवानगी कोणाची असावी हेही त्याच वाक्यात ठरून गेलेले आहे. पुढचा सगळा इतिहास वाचताना हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युरोपातही निवड होती, पण ती आई आणि मूल यांच्यातली होती. हाडांच्या मुडदुसाने कटिर अरुंद झालेली स्त्री अडली की डॉक्टरपुढे दोन मार्ग असत. एक, गर्भाचे डोके फोडून त्याला बाहेर काढणे आणि आईला वाचवणे. दुसरा, आईचे पोट चिरणे. इंग्लंडमधील डॉक्टर सामान्यतः पहिला मार्ग धरत. कॅथलिक देशांत मुलाचा बाप्तिस्मा न होता मृत्यू होणे हे आईच्या मृत्यूहून मोठे संकट मानणारे धर्मगुरू होते. डोके फोडण्याची क्रिया निर्दोष म्हणून शिकवता येणार नाही, असा निर्णय रोमच्या धर्मपीठाने १८८४ मध्ये दिला. वादात धर्मगुरू होते, डॉक्टर होते, नवरे होते. टेबलावरच्या स्त्रीचे मत नोंदवलेले क्वचितच आढळते.

आणि शस्त्रक्रियेचा निकाल तरी कसा होता? १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात एकही सिझेरियन यशस्वी झाले नाही, असे नोंदले गेले आहे. अपवाद दूरच्या ठिकाणी सापडतात. १८२६ मध्ये केप टाऊन येथे लष्करी डॉक्टर जेम्स बॅरी यांनी केलेल्या शस्त्रक्रियेत आई व मूल दोघेही वाचले. (बॅरी जन्माने स्त्री होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले.) १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन या प्रवासी डॉक्टरने आजच्या युगांडात स्थानिक वैद्याला हे काम सफाईने करताना पाहिले : केळ्याच्या मद्याने हात व पोट धुतले, तापलेल्या लोखंडाने रक्त थांबवले, जखम खिळ्यांसारख्या सुयांनी बंद केली. एडिंबराच्या डॉक्टरांना ज्या गोष्टी नुकत्याच उमगू लागल्या होत्या, त्यांतल्या काही तिथे परंपरेने चालत आल्या होत्या.

खरा बदल दोन नावांशी जोडलेला आहे. १८७६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले. रक्तस्राव थांबला, आई वाचली, पण तिला पुन्हा मूल होणे नव्हते. १८८२ मध्ये जर्मनीतील माक्स झेंगर यांनी गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धत मांडली. तोवर गर्भाशयाची चीर तशीच उघडी सोडली जाई, कारण आतले टाके पुन्हा काढता येत नाहीत आणि ते अपायच करतील, असा समज होता. झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरले. शिवणकामातली एक साधी गोष्ट. वैद्यकाला तिथवर यायला शतके लागली.

झेंगर यांच्यानंतर चार वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, एका मराठी मुलीने अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतली. आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचा विषय अनेकांच्या लक्षात नसतो : आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. फिलाडेल्फियात बसून ती वीस वर्षांची विद्यार्थिनी संस्कृत वैद्यक आणि आधुनिक प्रसूतिशास्त्र यांना एकाच कागदावर आणत होती. विषय तिने हवेतून उचललेला नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षी ती स्वतः बाळंत झाली होती आणि तिचा मुलगा दहा दिवसांत गेला होता. पुरुष डॉक्टरला स्त्री दाखवायची नाही आणि स्त्री डॉक्टर तर अस्तित्वातच नाही, ही कोंडी तिला पुस्तकातून शिकावी लागली नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला.

त्याच सुमारास संस्था उभ्या राहू लागल्या. स्त्री-वैद्यकीय मदतीसाठी लेडी डफरिन फंड १८८५ मध्ये निघाला, मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडले. नागपुरात स्कॉटिश मिशनच्या डॉ. अॅग्नेस हेंडरसन यांच्या कामातून सीताबर्डीचे मुर मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

पण रुग्णालय असणे वेगळे आणि तिथे जाणे वेगळे. घरचे सगळे उपाय थकल्यावर, दोन-तीन दिवस अडलेली बाई तिथे आणली जाई. तोवर मूल गेलेले असे, आईच्या अंगात विष भिनलेले असे. अशा बायकांपैकी पुष्कळ जणी रुग्णालयात मरत आणि गावात बातमी पोहोचे : दवाखान्यात नेली आणि गेली. त्यामुळे पुढची बाई आणखी उशिरा येई. 'चाकू'च्या भीतीला अडाणीपणा म्हणणारे अहवाल त्या काळात खूप लिहिले गेले. पण आपल्या डोळ्यांसमोर दिसलेल्यावरून लोकांनी काढलेला तो निष्कर्ष होता, आणि त्या परिस्थितीत तो चुकीचाही नव्हता.

दाईला दोष देणे तर रिवाजच झाला होता. दाईंच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मृती निधी उभारला. अस्वच्छ हात, गंजलेला विळा, कोंडलेली बाळंतखोली हे सारे खरे होते. मात्र पडद्यामागे, उन्हावाचून वाढलेल्या मुलींची हाडे मऊ पडून कटिर आवळते, याला दाई जबाबदार नव्हती. कॅथलीन व्हॉन यांनी काश्मीरमधील अनुभवावरून १९२८ मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. अशा स्त्रीचे मूल खालच्या मार्गाने येऊच शकत नाही. तिच्यासाठी 'नैसर्गिक' बाळंतपण ही कल्पनाच क्रूर होती.

मुंबईत या प्रश्नाला आकड्यांत पकडण्याचे काम डॉ. जेरुशा झिराड यांनी केले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणाच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या ज्यू समाजातल्या त्या. १९२९ पासून कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी केलेली चौकशी १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. बाई कशाने मेली, हा प्रश्न दैवाच्या खात्यातून काढून नोंदवहीत आणणे, ही त्या अहवालामागची भूमिका होती.

आता पुन्हा भिवापूर. नागपूर–नागभीड छोटी रेल्वे १९०८ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत भिवापूरच्या स्थानकावरून जात राहिली. संथ गाडी, मोजक्या फेऱ्या. रात्री कळा सुरू झालेल्या आणि मूल आडवे आलेल्या बाईसाठी बैलबंडी किंवा सकाळची गाडी, एवढेच पर्याय. नागपुरात १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तोवर जगात सिझेरियन बरेच सुरक्षित झाले होते : गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद, रक्त चढवण्याची सोय, आणि युद्धकाळात हाती आलेले पेनिसिलिन. वैद्यकाने अंतर कापले होते. रस्त्याचे सत्तर किलोमीटर तसेच होते.

१९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी लिहिलेले एक वाक्य याच काळात जगभर पसरले : एकदा सिझेरियन, तर पुढे नेहमी सिझेरियन. आपल्याकडेही 'पहिलं सिझर, तर दुसरंही सिझरच' हे घरोघरी ऐकू येते. क्रेगिन यांचा रोख मात्र निराळा होता. पहिला छेद पुढच्या बाळंतपणांवर ओझे टाकतो, म्हणून तो विचारपूर्वक घ्या, असा तो इशारा होता. इशारा विसरला गेला, वाक्य नियम म्हणून राहिले. पहिल्या सिझेरियननंतर अनेक स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. अट अशी की गरज पडताच शस्त्रक्रिया करता येईल असे ठिकाण जवळ हवे.

स्त्रियांना यातले काय वाटते, हे विचारायला कोणी गेलेच नव्हते. भिवापूरचा रस्ता पुढे नागभीड, ब्रह्मपुरीवरून गडचिरोलीकडे जातो. तिथे १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास बाळंतपणाचा नव्हता. पण ज्या देहाबद्दल बोलण्याची मुभाच नाही, त्याच्याबद्दल निर्णय घेण्याची मुभा कुठून असणार?

गेल्या वीस वर्षांत चित्र झपाट्याने बदलले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मधील जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील सिझेरियनही मोफत केले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. राज्यात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली.

त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अस्वस्थ करणारा आहे. देशात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते, २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले, महाराष्ट्रात २५.४. सरकारी रुग्णालयांत देशभर १४.३ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. खासगी दाराने आत गेलेल्या बायकांचे कटिर सरकारी दाराने गेलेल्यांपेक्षा तिप्पट अरुंद असते, असे काही वैद्यक सांगत नाही. बिल, वेळ, खटल्याची भीती, वाढलेले वय, एकुलते मूल, अशी कारणे त्यात मिसळलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांच्या पुढे जाण्याचे समर्थन होत नाही असे म्हटले होते. २०१५ मध्ये तिने अधिक काळजीपूर्वक मांडणी केली : लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपुढे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत, पण टक्केवारी गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे.

मते तर दोन्ही टोकांची आहेत. एकीकडे, ज्योतिषाने काढून दिलेल्या मुहूर्तावर मूल जन्माला घालण्यासाठी तारीख मागणारी कुटुंबे. दुसरीकडे, आम्ही शेतात काम करता करता बाळंत झालो, तुला कळा सोसवेनात, असे ऐकवणाऱ्या सासवा. मणक्यात दिलेल्या सुईमुळे जन्मभर कंबर दुखते, हा ठाम समज. सिझर म्हणजे 'आयते' आईपण, हा टोमणा. आणि वेदनेच्या, फाटण्याच्या, ओरडा ऐकण्याच्या भीतीने स्वतःहून ऑपरेशन मागणारी एखादी मुलगी, जिला प्रसूतिकक्षात कोणी सोबत राहू देत असते तर कदाचित तिने वेगळे मागितले असते. या सगळ्यांत तिला हवे ते आणि तिच्यासाठी ठरवलेले ते, वेगळे काढणे कठीण जाते.

माहिती उघडी करण्याचे काही प्रयत्न झाले. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांना आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करायला लावावे यासाठी ऑनलाइन याचिका चालवली आणि तिला मोठा पाठिंबा मिळाला. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना सिझेरियन व नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण दर्शनी भागात लावण्यास सांगण्यात आले. बाकीची रुग्णालये त्या आदेशाच्या बाहेरच राहिली.

आणि सुश्रुताचा 'अधिपती'? गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी ठरवली. नवऱ्याच्या सहीची अट त्यात नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आणखी स्पष्ट केले. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान आहे, जीव तत्काळ धोक्यात नाही, तर संमती तिचीच हवी. दुसऱ्या कोणाची चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

प्रसूतिगृहातल्या संमतीपत्रावर आजही 'रुग्णाशी नाते' हा रकाना असतो. कळा देणारी बाई आत असते, आणि कागद बाहेर बाकावर बसलेल्या माणसाकडे जातो.